मुलांचे वजन आणि आपली जीभ



रमजान संपून अडीच-तीन महिने झाले असतील. एक आई आपल्या आठवीतल्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मुलगी चक्कर येऊन पडली होती. आई काळजीत होती, पण तिच्या बोलण्यात थोडा अभिमानही होता.

"मॅडम, हिचे रोजे चालू आहेत. रमजानचे सगळे ठेवलेच, आता दर सोमवारी आणि गुरुवारी ठेवते. कुणी सांगितलं नाही, स्वतःहून ठेवते. माशाअल्लाह, पोरीला दीनची ओढ आहे. पण अशक्तपणा आलाय. एखादं टॉनिक द्या."

मी मुलीला वजनकाट्यावर उभे केले. मुले सहसा काट्यावरून लगेच खाली उतरतात. ही मात्र वाकून आकडा पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "अजून एक्केचाळीस आहे?"

त्या एका प्रश्नाने माझ्या लक्षात आले की दुखणे अशक्तपणाचे नाही. मी आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितले. मुलगी आधी गप्प राहिली, मग रडू लागली, मग बोलू लागली. सेहरीला ती उठत असे, पण घोटभर पाणी पिऊन "पोट भरलं" म्हणे. इफ्तारला एक खजूर आणि चार घास. ज्या दिवशी रोजा नसेल त्या दिवशी डबा मैत्रिणीला द्यायचा. दोन महिने पाळी आलेली नव्हती. तीन महिन्यांत चार किलो वजन उतरले होते.

आता महत्त्वाची गोष्ट. ही मुलगी जाड नव्हतीच. १५२ सेंटीमीटर उंची आणि आधीचे ४५ किलो वजन, म्हणजे तिच्या वयाला अगदी योग्य. मग हे कुठून सुरू झाले? रमजानच्या आधी मावसबहिणीचे लग्न होते. शरारा शिवायला आईबरोबर गेली होती. माप देताना आई शिलाईवालीला हसत म्हणाली, "हिला जरा सैलच शिवा, आमची मोटी बापाच्या घराण्यावर गेलीय." दुकानात चार बायका होत्या. त्याही हसल्या.

मुलीला ते वाक्य शब्दन् शब्द पाठ होते. आईला मी विचारले, तेव्हा तिला ते आठवतही नव्हते.

ही हकीकत त्या आईच्या परवानगीने, ओळख लपवून लिहिते आहे. तीच म्हणाली, "लिहा मॅडम. माझ्यासारख्या अजून असतील." तिचे खरे आहे. आणि त्यात मीही आहे. काही वर्षांपूर्वी एका दहा वर्षांच्या मुलाला मी भरल्या दवाखान्यात म्हणाले होते, "पैलवान, जरा कमी खा रे." सगळे हसले, तोही हसला. त्यानंतर तो वर्षभर दवाखान्यात आला नाही. आई औषध न्यायला एकटीच यायची.

जिभेला हाड नसते

आपल्या घरांत मुलांना हाक मारायची नावे आठवून पाहा. मोटू, ढब्बू, हत्ती, टुणटुण. दुसऱ्या बाजूला सुकडी, काडीपैलवान, हाडकुळ्या. आपण ती प्रेमाने घेतो. मूलही हसते, कारण न हसले तर "एवढंसं मनाला लावून घेतोस?" हे ऐकावे लागते.

गंमत अशी की हेच मूल तीन वर्षांचे असताना त्याचे गाल ओढून आपणच "खात्यापित्या घरचं आहे" म्हणत असतो. दादी-नानी भरवत असतात, शेजारीण कौतुक करते. दहाव्या-बाराव्या वर्षी त्याच गालांवरून टोमणे सुरू होतात. मुलगी असेल तर पुढचे वाक्य ठरलेले, "उद्या रिश्ता कोण आणणार?" मुलाला कळत नाही की काल जे माशाअल्लाह होते ते आज ऐब कसे झाले.

सूरह अल-हुजुरातच्या अकराव्या आयतीत अल्लाह तआलाने एकमेकांची थट्टा करण्यास, एकमेकांना टोचून बोलण्यास आणि वाईट नावांनी हाका मारण्यास मनाई केली आहे. पुरुषांना वेगळे सांगितले आहे आणि स्त्रियांना वेगळे. ही आयत आपण वाझमध्ये ऐकतो तेव्हा शेजारीपाजारी आणि भावकी डोळ्यांसमोर येते. पोटची मुले येत नाहीत. पण या आज्ञेतून आपली मुले वगळल्याचे कुठे सांगितले आहे?

हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) अंगाने फार किरकोळ होते. एकदा ते मिसवाकसाठी झाडाची काडी तोडत होते. त्यांच्या बारीक पिंढऱ्या पाहून जवळच्या लोकांना हसू आले. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी का हसता म्हणून विचारले. पायांचा बारीकपणा पाहून, असे उत्तर मिळाले. तेव्हा आपण (स.) यांनी सांगितले की अल्लाहच्या तराजूत हे पाय उहुद पर्वतापेक्षा जड भरतील. मुसनद अहमदमध्ये ही हदीस आहे. घरात किंवा वर्गात एखाद्या सुकड्या मुलाची थट्टा चालली असेल, तर तिथे हजर असलेल्या मोठ्या माणसाने काय करायचे, याचा हा धडा आहे. आपण (स.) यांनी हसणाऱ्यांना तिथल्या तिथे थांबवले आणि ज्याच्यावर हसले त्याची किंमत सर्वांसमोर सांगितली.

आकड्याचा खरा अर्थ

टोमणे मारू नयेत म्हणजे वजनाकडे लक्षच देऊ नये असे नाही. लक्ष द्यायचे, पण नजरेने अंदाज बांधून नाही.

मोठ्या माणसासाठी असलेला वजन-उंचीचा हिशेब मुलांना तसाच लागू होत नाही. मुलगा आहे की मुलगी, वय किती वर्षे किती महिने, उंची किती, हे सगळे पाहून तक्त्यावर खूण करावी लागते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली ५ ते १८ वर्षांच्या आपल्या मुलांसाठी असे तक्ते काढले आहेत. ते डॉक्टरांकडे असतात. एका खुणेवरून फारसे कळत नाही. सहा-सहा महिन्यांच्या खुणा जोडून जी रेघ तयार होते ती बोलते. रेघ एकदम वर चढली किंवा खाली घसरली, तर कारण शोधायचे.

दुसरी गोष्ट वयात येण्याची. मुलींची उंची साधारण दहा ते बारा या वयात झपाट्याने वाढते, मुलांची त्यानंतर दीड-दोन वर्षांनी. पाळी सुरू होण्याच्या आधी आणि त्या सुमारास मुलींच्या अंगावर चरबी येते, मांड्या-नितंब भरतात. अल्लाहने स्त्रीचे शरीर तसेच घडवले आहे. कित्येक मुलग्यांचे पोटही आधी सुटते आणि नंतर उंचीत जिरते. नेमक्या याच वयात आपली जीभ सर्वांत जास्त चालते.

तिसरी गोष्ट, आपल्याकडे दोन्ही टोके आहेत. केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात मुलांच्या पोषणाची देशभर पाहणी केली. त्यात ५ ते ९ वयोगटातली २३ टक्के मुले वयाच्या मानाने कृश आढळली आणि ४ टक्के जास्त वजनाची. १० ते १९ वयोगटात हेच आकडे २४ आणि ५ टक्के होते. म्हणजे एकाच वर्गात, कधी एकाच घरात, एक मूल वजनाखाली आणि दुसरे वजनावर. दोघांनाही डॉक्टर लागतो, टोमणा कुणालाच लागत नाही.

जास्त वजनाची एक खूण आयांच्या हातातून निसटते. मुलाच्या मानेवर मागच्या बाजूला काळसर, मखमलीसारखा जाडसर पट्टा दिसतो, कधी काखेतही. आई त्याला मळ समजते. बेसन, लिंबू, काथ्या, सगळे घासून होते. मुलाची कातडी सोलवटते आणि वर "अंघोळ नीट करत नाहीस" म्हणून ओरडा बसतो. तो मळ नाही. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. असा पट्टा दिसला तर घासू नका, डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातली साखर तपासून घ्या. आपल्या लोकांना तुलनेने कमी वजनावरच मधुमेह गाठतो, म्हणून हे महत्त्वाचे. रात्री मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे, गुडघा किंवा मांडीचा सांधा दुखून लंगडणे, याही दाखवण्याच्या गोष्टी आहेत.

बारीक मुलांच्या बाबतीत आधी रक्त आणि जंत पाहावेत. शाळेत १० फेब्रुवारीच्या सुमारास मिळणारी जंताची गोळी आणि आठवड्याची लोहाची गोळी, लहानांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी, मुले खिशात ठेवतात किंवा फेकून देतात. घरी विचारत जा. मूल खात-पीत असूनही बारीक होत असेल, खोकला आणि ताप रेंगाळत असेल, तर थांबू नका. खूप तहान, वारंवार लघवी आणि वजन उतरणे हे तिन्ही एकत्र दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लहान मुलांतला मधुमेह असाच सुरू होतो.

आणि एक विनंती. तब्येत "भरून आणणाऱ्या" भुकट्या, गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून आणू नका. अशा काही औषधांत स्टेरॉइड असते. चेहरा गोल दिसू लागतो, घरचे खूश होतात, आणि आतून हाडे, साखर, उंची यांचे नुकसान होत राहते.

मुलाचे ताट नव्हे, घराचा दस्तरखान

वजन जास्त निघाले की घरात काय होते? त्या एका मुलाचे ताट वेगळे होते. भाऊ बिर्याणी खातो, याला पोळी आणि दुधीभोपळा. "तू नाही घ्यायचं" हे सर्वांसमोर सांगितले जाते. परिणाम असा की ते मूल लपून खायला शिकते. कपाटातली खारी संपते, गादीखाली रिकामी पाकिटे सापडतात, आणि मग चोरीचा ठपकाही येतो.

बदलायचा असतो तो सगळ्या घराचा दस्तरखान. ज्या गोष्टी एका मुलाला वाईट आहेत त्या बारीक भावाला आणि मधुमेही दादालाही वाईटच आहेत. काही साध्या गोष्टी सांगते.

सकाळी चहा आणि खारी, बटर किंवा टोस्ट हा नाश्ता आपल्यापैकी कित्येकांच्या घरी रूढ झाला आहे. त्यात मैदा, तूप-डालडा आणि साखर, बाकी काही नाही. त्याऐवजी उकडलेले अंडे आणि भाकरी, दूध-भाकरी, शेंगदाणे घालून पोहे, मोड आलेल्या मटकीची उसळ. बारीक मुलाचे अंग यानेच भरते आणि जाड मुलाला यानेच लवकर भूक लागत नाही.

गोड शीतपेय हा आता पाहुणचाराचा भाग झाला आहे. ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत साधारण सहा-सात चमचे साखर असते. कुणी सहा चमचे साखर वाटीत घालून मुलाच्या हातात दिली तर आपण भांडू. बाटलीत दिली तर शुक्रिया म्हणतो. घरात बाटली आणायचीच नाही, हा नियम अब्बांपासून सुरू व्हायला हवा, कारण रविवारी पार्सलबरोबर ती तेच आणतात. ईदला शीर खुर्मा, लग्नात जर्दा जरूर खावा. सणाचे खाणे सणाला ठेवले की त्याची गोडीही राहते.

जेवताना आग्रह नको. आपण मुलाच्या ताटात मोठ्या माणसाच्या मापाने वाढतो आणि मग "टाकलंस तर गुनाह लागेल" म्हणून संपवायला लावतो. अन्न वाया घालवू नये हे खरेच आहे, पण त्याचा उपाय आधी कमी वाढणे हा आहे. लागले तर मूल पुन्हा मागेल. पोटाचा एक तृतीयांश अन्नासाठी, एक पाण्यासाठी, एक श्वासासाठी, ही तिर्मिजीतली हदीस आपल्याला पाठ असते. दावतीत मुलाच्या ताटात तिसरी बोटी टाकताना ती आठवायला हवी. काय शिजवायचे आणि केव्हा जेवायचे हे आईवडिलांनी ठरवावे. किती खायचे हे मुलाच्या पोटाला ठरवू द्यावे.

शाळेसमोरच्या पाच-दहा रुपयांच्या पाकिटांचे काय? अन्नसुरक्षेसाठी केंद्राने नेमलेल्या प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. शाळेच्या आवारात आणि आवारापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ मुलांना विकता येत नाहीत. नियम आहे हेच बहुतेक पालकांना माहीत नसते. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. पुढच्या बैठकीत हा विषय काढा. त्याच बैठकीत आणखी एक मागणी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते, ही चांगली योजना आहे. पण वर्गात मुलांचे वजन घेतले जाते तेव्हा आकडा मोठ्याने पुकारू नये, कागदावर लिहून पालकांना द्यावा.

मुलींचे अंगण कुठे गेले?

जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल असे खेळावे, पळावे. आता आपल्या मुलीचा दिवस मांडा. सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, असरनंतर मदरसा, मगरिबनंतर गृहपाठ, मग मोबाइल. यात साठ मिनिटे कुठे आहेत? मुलगे निदान रविवारी मैदानावर जातात. मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली की "आता मोठी झालीस" म्हणून तिचे खेळणे बंद होते. वर्षभराने वजन वाढले की तिलाच बोल लावतो.

अबू दाऊदच्या संग्रहात एक हदीस आहे. एका प्रवासात प्रेषित (स.) आणि हजरत आयशा (रजि.) यांनी धावण्याची शर्यत लावली. आयशा (रजि.) जिंकल्या. पुढे काही काळाने, त्यांचे अंग भरल्यावर, पुन्हा शर्यत झाली. या वेळी आपण (स.) जिंकले आणि म्हणाले की ही त्या वेळची परतफेड. हे आपल्याला खुद्द हजरत आयशा (रजि.) यांनीच सांगितले आहे, अंग भरल्याचे सुद्धा, अगदी मोकळेपणाने. वजन वाढल्यावर त्यांना एक शब्द ऐकावा लागला नाही, उलट पुन्हा धावायला बोलावणे आले. मुलाच्या वाढत्या वजनावर याहून चांगला उपाय मला तरी वैद्यकीच्या पुस्तकात सापडला नाही. बोलू नका, बरोबर पळा.

गच्चीवर दोरीच्या उड्या, अंगणात बॅडमिंटन, फजरनंतर अब्बांबरोबर अर्धा तास भरभर चालणे, घरातल्या घरात झाडलोट आणि पाणी भरणे, हे सगळे चालते. मोहल्ल्यातल्या चार आयांनी मिळून शाळेचे मैदान किंवा शादीखान्याचा हॉल आठवड्यातून दोन संध्याकाळी फक्त मुलींसाठी मागून घ्यावा. मदरशाच्या मौलानांनाही एक विनंती आहे. सबक सुरू होण्याआधी पंधरा मिनिटे मुलांना पळू द्या. मुले सबकात पेंगणार नाहीत, हे तुम्हीच पाहाल.

झोपेचा हिशेबही यातच येतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि त्यापुढच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. कमी झोपलेल्या मुलाला दिवसा गोड आणि तळलेले खावेसे वाटते. रात्री बारापर्यंत मोबाइल हातात असेल तर फजरही जाते आणि तब्येतही. त्या मोबाइलवर गाळणी लावून गुळगुळीत केलेले चेहरे आणि बारीक केलेल्या कमरा दिसतात, आणि मुलगी आरशात स्वतःला त्यांच्या मापाने मोजते. मुलगेही आता यातून सुटलेले नाहीत. पंधरा-सोळाची पोरे दंडाचे फोटो पाहून जिमवाल्याच्या सांगण्यावरून डबे विकत घेतात.

नियत विचारावी लागते

आता पुन्हा त्या मुलीकडे. सोमवार आणि गुरुवारचा रोजा सुन्नत आहे, त्याबद्दल कुणाचे दुमत नाही. पण हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) रोज रोजा आणि रात्रभर नमाज असे करू लागले, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांना अडवले आणि तुझ्या शरीराचाही तुझ्यावर हक्क आहे अशी समज दिली. बुखारी शरीफमध्ये ही हदीस आहे. ते तर निखळ इबादतीसाठी करत होते. इथे एक वाढत्या वयाची मुलगी शरमेपोटी उपाशी राहत होती आणि घर तिला शाबासकी देत होते. तिचा दोष नाही. तिला लपण्यासाठी जी जागा सर्वांत सुरक्षित वाटली तिथे ती लपली.

म्हणून मूल एकाएकी जास्त रोजे ठेवू लागले, तर आनंद मानताना जवळ बसून बोला. सेहरी आणि इफ्तार ते पोटभर करते का ते पाहा. जेवण झाल्याबरोबर न्हाणीघरात जाऊन बसणे, सगळ्यांबरोबर जेवायचे टाळणे, दिवसातून चार वेळा काट्यावर चढणे, सैल कपड्यांत अंग दडवणे, पाळी थांबणे, सारखी थंडी वाजणे, केस गळणे, या खुणा दिसल्या तर "नखरे" म्हणून सोडू नका. हा आजार आहे, वेळेवर उपचार केले तर बरा होतो आणि दुर्लक्ष केले तर जिवावर बेततो. आधी बालरोगतज्ज्ञ, आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ. तिथे जायला लाजू नका.

त्या मुलीला मी टॉनिक दिले नाही. रक्त तपासले, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, आहार लिहून दिला आणि शहरातल्या तज्ज्ञांकडे पाठवले. नफिल रोजे सध्या थांबवायला सांगितले. मुलगी म्हणाली, "गुनाह नाही ना लागणार?" मी म्हणाले, "तुझ्या मौलानांना विचार." तिचे अब्बा स्वतः विचारून आले. मौलानांनी सांगितले की नफिल हे नफिल आहे, आधी तब्येत.

पण खरे औषध आईने दिले. घरी गेल्यावर ती मुलीजवळ बसली आणि म्हणाली, "मी दुकानात तुला तसं बोलायला नको होतं. चुकलं माझं." मग तिने घरात नियम केला की कुणाच्याही अंगावरून कुणी काही बोलायचे नाही. दादीसुद्धा नाही, आणि आलेली पाहुणीसुद्धा नाही. पाहुणी बोललीच तर आई हसून सांगते, "आमच्याकडे हा विषय बंद आहे." पहिले काही दिवस घरात बोलायला विषयच उरला नाही, असे ती हसत सांगत होती. तेव्हा कळले की आपण एकमेकांच्या अंगावरून किती बोलतो.

चार महिन्यांनी मुलगी आली. पाळी पुन्हा सुरू झाली होती. मी तिला काट्याकडे पाठ करून उभे केले. आकडा मी पाहिला आणि वहीत लिहिला. तिने विचारला नाही. "शाळेत खो-खोच्या संघात घेतलंय," एवढेच म्हणाली. आई दाराशी उभी होती. तिने वजन विचारले नाही, फक्त मुलीच्या डोक्यावरची ओढणी सारखी केली.

भगिनींनो, हा अंक हातात असताना एक काम करा. आपल्या मुलांना आपण घरात कोणत्या नावाने हाक मारतो ते आठवा. अकीक्याच्या दिवशी आपण मोठ्या हौसेने एक सुंदर नाव शोधून ठेवले होते. उद्या सकाळी फजरसाठी उठवताना त्याच नावाने हाक मारा.

अल्लाह तआला आपल्या मुलांना निरोगी शरीर आणि शांत मन देवो, आणि आपल्या जिभेला नरमाई देवो. आमीन.